पॅड सोडून कप वापरायचाय? आधी काढायला शिका, मग घालायला

मैत्रिणींनो, मेन्स्ट्रुअल कपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "एवढं मोठं आत जाणार कसं?" यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ पण त्याच्यावरच, ही घडी घाला, ती घडी घाला. पण मी बहिणीला, वहिनीला, ऑफिसमधल्या दोघीतिघींना शिकवताना एक गोष्ट परत परत बघितलीये. कप आत जातो हो, आज नाही तर उद्या जातोच. खरी घाबरगुंडी उडते ती बाहेर काढताना. आणि ज्या बायका एकदा वापरून कप कपाटात टाकून देतात ना, त्यातल्या बऱ्याच जणी काढतानाच्या त्या दहा मिनिटांच्या भीतीमुळे सोडतात. म्हणून या लेखात काढण्याबद्दल जरा जास्तच लिहिलंय, तो भाग वाचल्याशिवाय कप आत घालूच नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कप म्हणजे मऊ, लवचिक, घंटेच्या आकाराची, खाली बारीक दांडी असलेली छोटीशी वाटी, बहुतेक वेळा मेडिकल ग्रेड सिलिकॉनची. ती योनीमार्गात बसते, रक्त शोषून घेत नाही तर साठवते, भरली की काढून ओतायची, धुवायची, परत घालायची. एक कप नीट सांभाळला तर काही वर्षं चालतो, पाच ते दहा वर्षं असं बऱ्याच कंपन्या सांगतात. हा काही कालपरवाचा शोध नाही बरं का, अमेरिकेत लिओना चाल्मर्स नावाच्या बाईंनी १९३७ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा तो रबराचा होता.

आपल्याकडे केरळने हे सगळ्यात मनावर घेतलं. आलप्पुझा नगरपालिकेने २०१९ मध्ये एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीबरोबर 'थिंकळ' योजनेत ५००० कप फुकट वाटले, आणि जानेवारी २०२२ मध्ये कुंबळंगी हे गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झालं. साध्या गावातल्या, सगळ्या वयाच्या बायका हे शिकल्या, त्यामुळे "हे शहरातल्या शिकलेल्या मुलींचं फॅड आहे" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पैशाचा हिशोब तुम्हीच करून बघा. महिन्याला १५ पॅड धरले आणि एक ८ रुपयांना धरला तर महिन्याचे १२०, वर्षाचे १४४०. कप साधारण तीनशे ते सहाशेच्या आसपास चांगला मिळतो, म्हणजे पाचसहा महिन्यांत वसूल. आणि कचरा. पॅडमध्ये प्लास्टिक असतं, पाणी धरून ठेवणारं जेल असतं, ते कुजत नाही, आणि आपण वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून जे टाकतो ते पुढे कुणीतरी हाताने वेगळं करत असतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंसाठी लाल ठिपक्याची मोहीम झाली, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा म्हणजे त्यांना न उघडता कळेल. मला पॅड सोडायला पैशांपेक्षा हे कारण जास्त लागू पडलं, खरं सांगते.

आधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. खालीलपैकी काही असेल तर आधी गायनॅककडे जा.

कॉपर टी किंवा दुसरं कुठलं गर्भाशयात बसवलेलं साधन असेल तर. कप आत हलकी हवेची पकड धरून बसतो आणि कॉपर टीचा दोरा तिथेच लोंबत असतो, कप ओढताना दोरा ओढला जाऊन कॉपर टी सरकल्याच्या किंवा बाहेर आल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात. बऱ्याच बायका दोन्ही एकत्र वापरतात, पण दोरा किती लांब आहे हे डॉक्टरांनी बघून सांगू दे.

बाळंतपण नुकतंच झालं असेल, गर्भपात झाला असेल किंवा खालची काही सर्जरी झाली असेल तर. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे तरी काहीही आत घालायचं नाही, आणि त्यानंतरही तपासणी झाल्यावरच.

अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, म्हणजे गर्भाशय खाली सरकलेलं असेल तर. आपल्याकडे कितीतरी बायका हा त्रास वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. त्यांनी कप स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

सध्या इन्फेक्शन असेल, खाज, वास, पांढरं जास्त जात असेल तर आधी ते बरं करा. आणि याआधी कधी टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जंतूंच्या विषामुळे होणारा, क्वचित पण जिवावर बेतणारा आजार) होऊन गेला असेल तर कप नकोच. रबराची अॅलर्जी असेल तर लेबल वाचून सिलिकॉनचाच घ्या.

कुठला घ्यायचा

कंपन्या सरळ सांगतात की तिशीच्या आत असाल आणि नॉर्मल डिलिव्हरी झाली नसेल तर स्मॉल, नाहीतर मीडियम किंवा लार्ज. सुरुवातीला एवढं धरून चाललं तरी ठीक आहे, पण माझ्या मते त्याहून जास्त महत्त्वाचं आहे तुमच्या गर्भाशयाचं तोंड किती वर आहे ते. हे पाळीच्या दिवसांतच बघायचं कारण तेव्हा ते बहुतेकींचं थोडं खाली येतं. हात स्वच्छ धुवा, नखं कापलेली हवीत, उकिडवं बसा, आणि मधलं बोट हळूच आत घाला. योनीचा भाग मऊ, सुरकुत्यांचा लागतो आणि शेवटी एक टणक, गोल, नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी लागतं, मधे बारीक खळगा असलेलं. ते गर्भाशयाचं तोंड. बोटाच्या पहिल्या पेराजवळच लागलं तर तुमच्या गर्भाशयाचं तोंड खाली आहे, आखूड कप घ्या, ४ सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा, नाहीतर कपची दांडी बाहेर येऊन टोचत राहील. दुसऱ्या पेराजवळ लागलं तर नेहमीचा कुठलाही चालेल. पूर्ण बोट घालूनही लागत नसेल तर थोडा लांब आणि मोठी दांडी असलेला घ्या, म्हणजे काढताना हाताला सापडेल.

हे बोट घालून बघणं बऱ्याच जणींना फार अवघड जातं. लग्न होऊन दोन मुलं झालेल्या बायका पण मला म्हणाल्यात की आम्ही तिथे कधी हात लावला नाही, नीट बघितलंही नाही. याच्यात तुमची काही चूक नाही, आपल्याला तसंच वाढवलंय. पण कप वापरायचा तर हा टप्पा टाळता येत नाही, कारण पुढे जे काही करायचं ते सगळं हाताच्या अंदाजाने करायचंय. कप विकत घ्यायच्या आधीच एकदोन पाळ्यांमध्ये फक्त एवढंच करून बघितलंत तरी अर्धं काम झालं समजा.

बाकी, पहिला कप खूप मऊ घेऊ नका, मऊ कप आत गेल्यावर उघडायला त्रास देतो. पण ज्यांना लघवीच्या पिशवीवर दाब पटकन जाणवतो त्यांना मऊच बरा पडतो. साईटवर शंभर रुपयांत नाव नसलेले कप दिसतात ते घेऊ नका, मेडिकल ग्रेड सिलिकॉन असं स्पष्ट लिहिलेलं, कंपनीचा पत्ता आणि आत सूचनांचा कागद असलेलाच घ्या.

उकळायचं कसं आणि कुठे

प्रत्येक पाळीच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा. पातेल्यात भरपूर पाणी, उकळी आली की कप टाकायचा, पाच ते आठ मिनिटं, तुमच्या कंपनीच्या कागदावर जे लिहिलंय ते धरा. कप तळाला चिकटून बसला तर जळतो, म्हणून अंडी फेटायच्या तारेच्या व्हिस्कमध्ये कप अडकवून तो पाण्यात सोडायचा, म्हणजे तळाला टेकतच नाही. गॅसवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका, मोबाईलवर टायमर लावा. पाणी आटलं की कप गेला.

आता खरी अडचण, एकत्र कुटुंबात स्वयंपाकघरात हे करायचं कसं. ज्या घरात अजून पाळीत देवघराकडे फिरकू देत नाहीत तिथे गॅसवर कप उकळणार कसा. माझा सल्ला, एक छोटं स्टीलचं पातेलं यासाठीच वेगळं ठेवा आणि कुणाला काही सांगायचं नसेल तर सकाळी सगळे उठायच्या आत उरका. इलेक्ट्रिक स्टरिलायझर पण मिळतात, वाटीएवढे, खोलीतल्या प्लगवर लावता येतात, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना हे फार सोयीचं. मात्र जमत असेल तर घरातल्या बाईमाणसाला सांगून टाकाच. माझ्या एका मैत्रिणीने सासूबाईंना कप हातात देऊन नीट समजावलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी असतं तर ते कपड्यांचं धुणं तरी वाचलं असतं गं." सगळीकडे असं होईल असं नाही, पण ज्या बायकांनी पाळीच्या कापडाच्या घड्या चोरून कोपऱ्यात वाळवल्यात त्यांना याचं मोल पटकन कळतं.

रोजच्या धुण्याला, म्हणजे पाळी चालू असताना, साधं पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण पुरे. आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग बसतात. डेटॉल, सॅव्हलॉन, व्हिनेगर, फिनेल यातलं काहीही लावू नका, आतली त्वचा फार नाजूक असते. कपच्या वरच्या कडेखाली दोनचार बारीक भोकं असतात ती पाणी भरून दाबून मोकळी करा. ती बुजली तर पकड नीट बसत नाही आणि काढतानाही त्रास होतो.

आत घालणं

पहिल्यांदा करायचं ते पाळीतच, शक्यतो मधल्या चांगल्या अंगावर जाणाऱ्या दिवशी. पाळी नसताना प्रॅक्टिस करू नका, आत कोरडं असतं, दुखतं आणि मग भीती बसते. सुट्टीचा दिवस बघा, बाथरूम अडवून बसलात तरी कुणी दार वाजवणार नाही असा.

हात धुतले, कप ओला केला, आता घडी. तीन घड्या लक्षात ठेवा. कप चपटा करून मधून दुमडला की इंग्रजी सी सारखा दिसतो ती सी घडी, सगळ्यात सोपी पण टोक थोडं जाड राहतं. दुसरी, वरची एक कड बोटाने आत कपच्या तळाकडे दाबायची, याला पंचडाऊन म्हणतात, याचं टोक बारीक होतं आणि नवीन मुलींना हीच जमते असा माझा अनुभव. तिसरी, कप चपटा करून एक वरचा कोपरा तिरका खाली दुमडायचा, सात आकड्यासारखी, ही आत पटकन उघडते.

मग बसा. आपल्याला उकिडवं बसायची सवय आहे ही फार मोठी सोय आहे, नाहीतर एक पाय बादलीवर किंवा स्टुलावर ठेवून उभं राहा. श्वास सोडा, अंग सैल सोडा, आणि कप सरळ वर नाही तर मागे माकडहाडाच्या दिशेने ढकला. नव्वद टक्के गडबड इथेच होते असं मला वाटतं, सगळ्या जणी सरळ वर ढकलतात आणि मग टोचतं. कोरडं वाटलं तर पाणी लावा किंवा मेडिकलमधून वॉटर बेस्ड जेली आणा. खोबरेल तेल, व्हॅसलीन नको.

पूर्ण आत गेला की बोटं सोडा, कप उघडतो, कधी कधी जाणवतं पण. मग बोट कपच्या बाजूने गोल फिरवून बघा, सगळीकडून गोल लागला पाहिजे. कुठे खोलगट किंवा दुमडलेला लागला तर तळ चिमटीत धरून थोडं फिरवा, किंचित खाली घ्या, परत वर करा. आणि एक गोष्ट ज्याकडे सगळ्या दुर्लक्ष करतात ती म्हणजे गर्भाशयाचं तोंड कपच्या आत आलंय की बाजूला राहिलंय ते बघणं. बाजूला राहिलं तर कप कितीही छान उघडलेला असू दे, रक्त बाहेरूनच जाणार. टॅम्पॉन (रक्त शोषणारी, आत घालायची कापसाची गुंडाळी) वापरलेल्यांनी लक्षात घ्या, कप त्यापेक्षा बराच खाली बसतो, फार वर ढकलायचा नाही.

नीट बसला तर काहीही जाणवत नाही. जाणवतंय, टोचतंय, दुखतंय म्हणजे बसलेला नाही, काढून परत घाला. दोनतीनदा जमलं नाही तर त्या दिवशी थांबा, पॅड लावा, उद्या बघू. आणि बोट घालतानाच अंग आपोआप आवळलं जातं, प्रचंड दुखतं, दर वेळेला असंच होतं, अशी परिस्थिती असेल तर जोर करू नका, त्यावर उपचार असतात, गायनॅकला सांगा.

आता काढणं, हे दोनदा वाचा

सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा की कप आत हरवत नाही. योनीमार्ग वरून बंद आहे, गर्भाशयाच्या तोंडाचं भोक इतकं बारीक असतं की त्यातून कप वर जाऊच शकत नाही. तो जिथे आहे तिथेच राहणार, दहा मिनिटं लागली किंवा तास लागला तरी.

दुसरं, दांडी ओढायची नाही. दांडी फक्त कप कुठाय ते सापडण्यासाठी आहे. कप आत हवेच्या पकडीने बसलेला असतो, पकड न सोडवता ओढलं तर आतले अवयव पण खाली ओढले जातात, दुखतं, आणि असं सतत केलं तर अंग खाली सरकण्याच्या तक्रारी इंग्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टांनी जाहीरपणे मांडल्या होत्या. म्हणून आधी पकड सोडवायची, नंतरच काढायचं.

हात धुवा, उकिडवं बसा. हळूच कुंथा, शी करताना करतो तसं पण एकदम जोराने नाही, कप खाली येतो. अंगठा आणि पहिलं बोट आत घालून दांडीवरून वर जा, जाडसर, खरखरीत रेघा असलेला भाग लागेल, तो कपचा तळ. तो तळ चिमटीत धरून दाबा. बारीक 'पुक' असा आवाज येतो किंवा काहीतरी सुटल्यासारखं वाटतं, ती पकड सुटली. आवाज नाही आला तर एक बोट कपच्या बाजूने वर कडेपर्यंत न्या आणि कड आत दाबा, हवा शिरली की झालं. मग कुंथणं थांबवा, तळ धरूनच डावीउजवीकडे हलवत हलवत खाली आणा, शेवटी एक बाजू आधी बाहेर, मग दुसरी, तिरका करून. सरळ ओढला तर रुंद भाग एकदम बाहेर येतो आणि दुखतो.

आमच्या वहिनीचं पहिल्यांदा काढताना काय झालं ते सांगते कारण जवळपास सगळ्यांचं तसंच होतं. ती आत, मी बाथरूमच्या दाराशी. पहिल्यांदा दांडी सापडली, मग घाबरून अंग आवळलं, तर दांडी वर गेली, मग सापडेचना. रडवेली होऊन म्हणाली, "आता दवाखान्यात जावं लागणार." मी म्हटलं, "वहिनी, काही होत नाही, बाहेर ये, चहा पिऊ." अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, थोडं चालली, परत आत गेली, आणि दोन मिनिटांत कप हातात घेऊन बाहेर. घाबरलं की तिथले स्नायू आवळतात आणि कप वर सरकतो, सैल सोडलं की खाली येतो. म्हणून अडकलाय असं वाटलं की थांबायचं, कोमट पाण्याने अंघोळ करायची, चालायचं आणि मग परत प्रयत्न करायचा. चिमटा, सांडशी, चमचा असलं काहीही आत घालायचं नाही. एवढं करूनही निघाला नाही आणि बारा तास होत आले तर डॉक्टरकडे जा, त्यांना हे काढायला एक मिनिट लागतं, लाजायचं काही कारण नाही.

माझं तर म्हणणं आहे की पहिल्या दिवशी कप घातल्यावर एखाद्या तासातच तो काढून बघा, भरलाय म्हणून नाही, फक्त काढायची सवय व्हावी म्हणून. काढायला जमतं ही खात्री झाली की घालताना अंग आपोआप सैल राहतं.

किती तास

जास्तीत जास्त बारा तास, काही कंपन्या आठच सांगतात, तर आपल्या कागदावरचं धरा. ज्या दिवशी अंगावर जास्त जातं तेव्हा चारपाच तासांनी बघा. पहिल्या पाळीत पॅन्टी लायनर किंवा सुती कापडाचं पॅड सोबत लावाच, आणि पहिल्याच महिन्यात पांढरी सलवार घालून लग्नाला जाऊ नका. हात बसायला साधारण दोनतीन पाळ्या लागतात. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यास आणि ३३१९ जणींची माहिती एकत्र करून एक आढावा आला होता, त्यात कपचं लीकेज पॅड-टॅम्पॉनइतकंच किंवा कमी निघालं आणि वापरून बघणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींना पुढे चालू ठेवायचं होतं, पण सवय व्हायला काही महिने लागतात हेही त्यात आहेच.

टॉक्सिक शॉकबद्दल विचारतात म्हणून सांगते, कपमुळे तो फार क्वचित होतो, त्या आढाव्यात पाचच केसेस होत्या, पण होऊ शकतो. कप आत असताना अचानक जोरात ताप, उलट्या, जुलाब, चक्कर, अंगावर लालसर चट्टे असं झालं तर कप लगेच काढा आणि थेट हॉस्पिटल, डॉक्टरांना कप वापरत होते हे आवर्जून सांगा. तसंच कप घातल्यापासून एका बाजूला कमरेत दुखतंय, लघवीला अडतंय तर कप तिरका बसून दाब देत असू शकतो, काढून बघा आणि तरी राहिलं तर दाखवून या.

घराबाहेर

कपचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. लोकलने जाणाऱ्या, फिल्डवर काम करणाऱ्या, परीक्षेला बसणाऱ्या, ट्रेकला जाणाऱ्या बाईला सकाळी घातला की बरेचदा घरी आल्यावरच बघायचं. एसटी स्टँडवरच्या संडासात पॅड बदलायची वेळ येत नाही. पण जास्त जाण्याच्या दिवशी बाहेर रिकामा करावाच लागला तर, आत जायच्या आधी हात धुवा, पाण्याची छोटी बाटली सोबत घ्या, कप संडासात ओता, बाटलीतल्या पाण्याने विसळा, परत घाला. पाणीच नसेल तर स्वच्छ टिश्यूने पुसून घाला आणि घरी गेल्यावर नीट धुवा. जेट स्प्रेचं पाणी कपवर मारू नका, ते कुठल्या टाकीचं असतं काय माहीत. भारतीय पद्धतीच्या संडासात काढताना हात घट्ट धरा, कप निसटून आत पडला तर तो गेलाच, परत उचलून वापरायचा विचार करू नका.

लघवी, शी करताना कप काढावा लागत नाही. शीला जोर केल्यावर कप थोडा खाली येतो, नंतर हात धुवून बोटाने बघून घ्या. संबंधांच्या वेळी मात्र काढायचा, आणि कपने दिवस राहायचे थांबत नाहीत.

लीक होतंय तर

आधी बघा कप किती भरलाय. काठोकाठ असेल तर लवकर रिकामा करायला हवा किंवा मोठा साइज हवा. अर्धाच भरलेला असताना लीक होतंय तर बहुतेक कप पूर्ण उघडलेला नाही, किंवा गर्भाशयाचं तोंड बाजूला राहिलंय. बद्धकोष्ठ असेल तेव्हा पण मागून दाब येऊन कप चेपतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. आणि कप घातल्यावर पहिल्या अर्ध्या तासात थोडासा डाग पडला तर ते आधीचंच खाली राहिलेलं असतं, लीक नाही. दांडी टोचत असेल तर कप बाहेर काढून थोडी थोडी कापा, तळाला कात्री लागू देऊ नका, आणि पहिल्या पाळीतच कापू नका, काढायला सापडली पाहिजे.

कपचा एक फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बऱ्याच कपवर एमएलच्या खुणा असतात, तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा खरंच कळतं की किती जातंय. साधारण एका पाळीत ३० ते ४० एमएल जातं, ८० च्या वर दर महिन्याला जात असेल तर ते जास्त आहे. आपल्याकडे बायका "मला खूप जातं" एवढंच सांगतात आणि समोरचा म्हणतो असतंच तसं. आकडा वहीत लिहून डॉक्टरांसमोर ठेवला की असं कुणी उडवून लावू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अॅनिमिया निघालाय, तेव्हा हे लिहून ठेवाच.

लग्न न झालेल्या मुलींनी वापरायचा का

वैद्यकीय दृष्ट्या काही अडचण नाही, स्मॉल साइज, आणि मुलीची स्वतःची तयारी हवी, एवढंच. कौमार्यपटल नावाचा जो पापुद्रा आहे तो काही सील नाही, त्याला आधीपासूनच भोक असतं म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं, आणि तो प्रत्येकीचा वेगळा असतो. कपने तो ताणला जाईल, कधी थोडा फाटेलही, पण त्यावरून कुणाचं काही ठरत नाही. सेवाग्रामच्या फॉरेन्सिक डॉक्टरांनी पाठपुरावा केल्यावर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्य चाचणी अभ्यासक्रमातूनच काढली, कारण तिला काही शास्त्रीय आधार नाही. आई म्हणून मनात धाकधूक असेल तर मुलीवर ढकलू नका, आणि मुलीला नको असेल तर कपही ढकलू नका, कापडी पॅड आहेतच, ते पण चांगले.

ठेवायचा कसा, टाकायचा कधी

उकळून, स्वच्छ फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून सुती पिशवीत. प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवला तर दमट राहून वास धरतो. डाग पडले तर उन्हात ठेवा, फिके होतात, डागांनी काही बिघडत नाही. वास गेला नाही तर भरपूर पाण्यात परत उकळा. चिकट लागायला लागला, भुरभुरीत पांढरा थर यायला लागला, कडेला चीर दिसली, की वर्षं मोजत बसू नका, नवीन घ्या. एकीचा कप दुसरीने वापरायचा नाही, सख्ख्या बहिणीनेसुद्धा.

जुना कप टाकताना धुवून, उकळून कात्रीने दोन तुकडे करा म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही, आणि कागदात गुंडाळून वर लिहून सुक्या कचऱ्याबरोबर द्या, ओल्यात टाकू नका. घरातले उरलेले पॅड फेकू नका, पहिल्या दोनतीन पाळ्यांत लागतात, आणि नंतर एखाददुसरा पर्समध्ये राहू दे, स्वतःला नाही तर बाजूच्या टेबलवरच्या कुणाला तरी लागतोच.